बहात्तरचा मासा आणि लातूरचं सोयाबीन

लातूरच्या आडत बाजारात सोयाबीनचा भाव पडला की पाऊस, सरकार, व्यापारी सगळ्यांचा उद्धार होतो. समुद्राचं नाव कुणी काढत नाही. ‘मासे घटले तर कोकणानं बघावं’ हा समज आपल्याकडे फार जुना. तो चूक आहे.

पेरूच्या किनाऱ्याजवळ खोलातलं थंड, पोषक पाणी वर येतं. त्यावर प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, वाढतं आणि प्लवकावर अँकोवेटा हा छोटा मासा. तो ताटात फारसा येत नाही. वाळवून, दळून त्याचं फिशमील होतं आणि ते पशुखाद्यात जातं. काही वर्षांनी प्रशांत महासागराचं वरचं पाणी तापतं, त्याला एल निनो म्हणतात. तेव्हा खालची ही रसद आटते. १९७२ मध्ये तेच झालं. पण दोष एकट्या एल निनोचा नव्हे, आधीची बेसुमार मासेमारीही तितकीच नडली. १९७० मध्ये सुमारे १.२ कोटी टन मासा निघाला होता. १९७३ मध्ये २० लाख टनही नाही. फिशमीलऐवजी खाद्यवाले सोयापेंडीकडे, म्हणजे सोयाबीनचं तेल काढून उरलेल्या चोथ्याकडे, वळले. इतर कारणांचीही भर पडून सोयाबीन इतकं भडकलं, की जून १९७३ मध्ये अमेरिकेनं निर्यातच रोखली.

आपण तेव्हा दुष्काळी कामावर खडी फोडत होतो, सुकडी खात होतो. त्या दुष्काळामागंही याच एल निनोचा हात होता! आज लातूर, धाराशिवची शिवारं सोयाबीननं भरलेली असतात आणि पेंडीचा भाव जगाच्या बाजाराकडं बघून हलतो.

आता उलट टोकाचा समज: एल निनो म्हणजे दुष्काळ ठरलेलाच. तसंही नाही. १९९७ चा एल निनो जबर होता, तरी देशात पाऊस सरासरीइतका झाला.