पानिपतच्या दिवशी संक्रांत नव्हती

दर जानेवारीत पानिपतच्या तिसऱ्या युद्धाच्या स्मृतिदिनाचे लेख आणि संदेश फिरू लागतात. त्यांत एक वाक्य हमखास भेटते: १४ जानेवारी १७६१, ऐन मकरसंक्रांतीच्या दिवशी मराठ्यांवर संक्रांत कोसळली. तारीख बरोबर आहे. तिथी पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२, वार बुधवार. पण त्या दिवशी संक्रांत नव्हती. ती १० जानेवारीच्या आसपासच होऊन गेली होती.

पटत नसेल तर स्वामी विवेकानंदांची जन्मतारीख आठवा. १२ जानेवारी १८६३. त्यांचा जन्म मकरसंक्रांतीचा, असे चरित्रकार सांगतात आणि गणितही तेच सांगते. म्हणजे १७६१ मध्ये १०, १८६३ मध्ये १२ आणि आज १४ किंवा १५. संक्रांत पुढे सरकते आहे.

याचे कारण वर्ष दोन प्रकारे मोजता येते. आपण वापरतो ते ग्रेगोरियन कॅलेंडर ऋतूंशी बांधलेले आहे; त्याचे वर्ष सरासरी ३६५.२४२५ दिवसांचे. संक्रांत, म्हणजे सूर्याचा मकर राशीत प्रवेश, मात्र ताऱ्यांशी बांधलेली. ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर सूर्य पुन्हा त्याच जागी दिसायला ३६५.२५६४ दिवस लागतात. फरक वर्षाला सुमारे २० मिनिटांचा, म्हणजे साधारण ७२ वर्षांत एक दिवस.

ही २० मिनिटे येतात कुठून, हा यातला सर्वांत सुंदर भाग. पृथ्वी पूर्ण गोल नाही. स्वतःभोवती फिरल्यामुळे ती विषुववृत्तापाशी फुगली आहे; तिथली त्रिज्या ध्रुवांकडच्या त्रिज्येपेक्षा सुमारे २१ किलोमीटरने जास्त आहे. शिवाय तिचा आस २३.४ अंशांनी कललेला. त्यामुळे हा फुगवटा सूर्य-चंद्राच्या पातळीत नसतो, तिरपा असतो. फुगवट्याच्या जवळच्या बाजूवर ओढ जास्त, पलीकडच्या बाजूवर कमी. या फरकातून एक पीळ तयार होतो, जो पृथ्वीला सरळ उभी करू पाहतो. हा पीळ अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो, म्हणून इवलासा पण जवळचा चंद्र इथे सूर्याच्या दुपटीहून अधिक काम करतो.

पृथ्वी स्थिर असती तर ती सरळ झालीही असती. पण फिरणाऱ्या वस्तूचा आस ढकललेल्या दिशेला जात नाही, तिच्याशी काटकोनात सरकतो. कललेला भोवरा पडण्याऐवजी डुलत गोल फिरतो, तसाच पृथ्वीचा आस आकाशात एक वर्तुळ काढतो. एका फेरीला सुमारे २५,८०० वर्षे. याला परांचन म्हणतात. आस वळला की विषुववृत्ताची पातळी वळते आणि तिच्यासोबत संपातबिंदू, म्हणजे ही पातळी सूर्याच्या आकाशातल्या वाटेला (क्रांतिवृत्ताला) जिथे छेदते ती जागा, दरवर्षी ५०.३ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) पश्चिमेकडे सरकतो. सूर्य पूर्वेकडे चाललेला असतो. संपात त्याला सामोरा येतो, म्हणून ताऱ्यांची फेरी पुरी व्हायच्या २० मिनिटे आधीच दोघांची गाठ पडते आणि ऋतूंचे वर्ष संपते.

म्हणूनच संक्रांतीला उत्तरायण सुरू होते हेही आता खरे नाही. सुमारे १,७०० वर्षांपूर्वी दोन्ही एकाच दिवशी येत. आज उत्तरायण २१-२२ डिसेंबरलाच लागते.

आता त्या 'कोसळलेल्या' संक्रांतीबद्दल. यंदा देवी अमुक वाहनावर बसून आली आहे, म्हणून तमुक रंग वर्ज्य, असले निरोप आजही घरोघरी पोचतात आणि माणसे ते पाळतात, याचा मला मनापासून त्रास होतो. सूर्य एका काल्पनिक रेषेपलीकडे दिसू लागण्याने कुणाचे भले-बुरे होत नाही. पानिपतावर सदाशिवरावभाऊंची रसद तुटली होती, माणसे आणि जनावरे उपाशी होती, दिल्लीची वाट अब्दालीने अडवली होती. पराभवाची कारणे तिथे शोधायची. उपाशी पोटी लढलेल्या त्या माणसांचे मरण ग्रहमानाच्या खात्यावर टाकणे हा त्यांच्यावर अन्याय आहे.

२१०० हे लीप वर्ष नसेल. त्यामुळे संक्रांत आणखी एक दिवस पुढे ढकलली जाईल आणि त्यानंतर बहुधा १५ किंवा १६ जानेवारीला येईल. तेव्हाचे पानिपतचे स्मृतिदिन संक्रांतीच्या आधी असतील.