नव्वद दिवसांचे शिपाई: अमेरिकन यादवीतल्या व्हॉलंटियर रेजिमेंट आल्या कुठून?

अमेरिकन सिव्हिल वॉरवर काहीही वाचायला घ्या, दहा मिनिटांत माणूस नंबरांच्या जंगलात हरवतो. विसावी मेन, चोपन्नावी मॅसॅच्युसेट्स, पहिली मिनेसोटा, सव्विसावी नॉर्थ कॅरोलिना. आपल्याला वाटतं एकाच मोठ्या सैन्याचे हे तुकडे असतील आणि नंबर वरून कोणीतरी वाटले असतील. तसं नाहीये. प्रत्येक राज्याने आपापला एक नंबर, दोन नंबर असं मोजत नेलंय, म्हणून नंबरापेक्षा पुढचं राज्याचं नाव महत्त्वाचं. या रेजिमेंट मुळात राज्यांनी उभ्या केलेल्या, आणि अजून खाली उतरलं तर तालुक्यांच्या, गावांच्या. हे डोक्यात बसलं की त्या युद्धातल्या बऱ्याच चक्रावून टाकणाऱ्या गोष्टींचा उलगडा होतो.

१८६१ च्या सुरुवातीला अमेरिकेची कायमस्वरूपी फौज होती जेमतेम सोळा हजारांची, आणि त्यातले बहुतेक लोक पश्चिमेकडे सरहद्दीवरच्या ठाण्यांमध्ये विखुरलेले. १२ एप्रिलला चार्ल्स्टनच्या बंदरात केंद्र सरकारच्या फोर्ट समटर किल्ल्यावर दक्षिणेने, म्हणजे गुलामगिरी टिकवायला फुटून निघालेल्या राज्यांनी, तोफा डागल्या, दुसऱ्या दिवशी किल्ला पडला, आणि १५ तारखेला लिंकनने राज्यांकडे ७५ हजार माणसं मागितली, नव्वद दिवसांसाठी. आता हे नव्वद दिवस कुठून आले? लिंकनला वाटलं तीन महिन्यांत आटपेल, असं सर्रास लिहिलेलं दिसतं. पण मुख्य भानगड कायद्याची होती. राज्यांची मिलिशिया, म्हणजे गरजेला बोलवायची नागरिकांची फौज, राष्ट्राध्यक्षाने बोलवायची तर १७९५ च्या कायद्याप्रमाणे वर्षात तीन महिन्यांच्या वर एका माणसाला ठेवता येत नव्हतं. हातात जे होतं ते वापरलं. मिनेसोटाचा गव्हर्नर अलेक्झांडर रॅमसे तेव्हा नेमका वॉशिंग्टनमध्ये होता, त्याने लिंकनच्या कागदावरची शाई वाळायच्या आधीच, खरं तर कागद निघायच्याही आधी, १४ तारखेलाच एक हजार माणसं देतो म्हणून सांगून टाकलं. म्हणून मिनेसोटावाले आजही म्हणतात की पहिला नंबर आमचा.

प्रत्यक्ष रेजिमेंट उभी कशी राहायची ते बघण्यासारखं आहे. गावातला एखादा वकील, नाहीतर शाळामास्तर, नाहीतर ज्याच्या शब्दाला वजन आहे असा कोणी पुढाकार घ्यायचा, चर्चमध्ये किंवा कोर्टाच्या इमारतीत सभा, बँड, भाषणं, आणि पुढे टेबलावर कागद. पोरं येऊन सही करायची. शंभराच्या आसपास झाले की कंपनी, अशा दहा कंपन्या मिळून रेजिमेंट, म्हणजे कागदावर साधारण हजार माणसं. कंपन्यांना ए पासून के पर्यंत अक्षरं, मधलं जे गाळून, कारण हाताने लिहिताना आय आणि जे मध्ये घोळ व्हायचा. गावातल्या बायकांनी शिवलेला झेंडा समारंभाने हातात द्यायचा. आणि सगळ्यात भारी म्हणजे कॅप्टन आणि लेफ्टनंट हे शिपायांनीच मत देऊन निवडायचे, आपल्याकडे मंडळाचा अध्यक्ष निवडतात तसं. कर्नल वगैरे वरचे लोक बहुतेक ठिकाणी गव्हर्नर नेमायचा, तिथे राजकारण आलंच.

आता ज्याला आपण मत देऊन निवडलाय, जो काल-परवापर्यंत कोपऱ्यावरचा दुकानदार होता, तो सकाळी सहाला उठून कवायत कर म्हणाला तर कोण ऐकतंय! एकविसाव्या इलिनॉयचा पहिला कर्नल पोरांना आवरूच शकला नाही, तेव्हा जून १८६१ मध्ये गव्हर्नरने त्याच्या जागी एक जुना माजी आर्मी ऑफिसर दिला, जो त्याआधी गॅलीना गावात वडिलांच्या चामड्याच्या दुकानात कामाला होता. त्याचं नाव युलिसिस ग्रँट. हाच पुढे उत्तरेचा सरसेनापती आणि नंतर राष्ट्राध्यक्ष झाला. कर्नल होण्यासाठी ग्रँटला असं मागच्या दाराने यावं लागलं यातच सगळं आलं. वॉशिंग्टनलाही हे दिसत होतं, म्हणून जुलै १८६१ मध्येच अधिकाऱ्यांची परीक्षा घेणारी बोर्डं बसवायची सोय कायद्यात केली, आणि बरेच निवडून आलेले कॅप्टन गुपचूप राजीनामे देऊन घरी गेले.

भरतीची तपासणी म्हणजे नावाला. तब्येतीकडे फारसं कोणी बघायचं नाही, पण दात बघायचे. हसू नका, कारण आहे. बंदूक तोंडाकडून भरायची असायची. बंदुकीची दारू आणि गोळी कागदाच्या पुडीत एकत्र गुंडाळलेली, ती पुडी दातांनी फाडायची, दारू नळीत ओतायची, वरून गोळी, मग सळईने ठासायचं, सळई परत जागेवर, मग घोड्याखाली ठिणगी पाडणारी छोटी टोपी लावायची आणि तेव्हा कुठे बार. चांगला सरावलेला माणूस मिनिटाला तीन बार काढायचा. समोरचे दात नाहीत तर पुडी फाडणार कशाने? दिवसभर लढाई झाली की प्रत्येकाचे ओठ आणि हनुवटी काळी ठिक्कर आणि घसा कोरडा, कारण पोटात थोडी दारू जायचीच.

२१ जुलै १८६१, बुल रनची लढाई. पहिली मोठी लढाई, आणि याच सकाळी चौथ्या पेनसिल्व्हेनियाचे नव्वद दिवस भरले होते. उत्तरेचा सेनापती जनरल मॅकडॉवेल याने गळ घातली, फक्त दोन-चार दिवस थांबा. नाही म्हणजे नाही. समोर तोफांचे आवाज सुरू आणि ही रेजिमेंट पाठ फिरवून घराकडे चालायला लागली. भित्रे म्हणून त्यांना तेव्हापासून शिव्या पडताहेत, पण मला त्यात पूर्ण भित्रेपणा दिसत नाही. त्यांच्या लेखी हा करार होता. नव्वद दिवस म्हटलं, नव्वद दिले, आता शेतात कापणी आहे, बायको वाट बघतेय. गंमत म्हणजे त्यांचाच कर्नल, जॉन हार्टरॅन्फ्ट, लाजेने एकटा मागे राहिला, दुसऱ्याच एका अधिकाऱ्याच्या हाताखाली लढला आणि पुढे त्याला त्या दिवसासाठी मेडल ऑफ ऑनर हे शौर्याचं सर्वोच्च पदक मिळालं. त्याच लढाईत दुसरी विस्कॉन्सिन ही उत्तरेची रेजिमेंट दक्षिणेसारख्या करड्या कपड्यात होती, कारण राज्याने जे कापड मिळालं ते दिलेलं, आणि मागून त्यांच्याच लोकांनी शत्रू समजून त्यांच्यावर गोळ्या झाडल्या.

यानंतर नव्वद दिवसांचा विषय जवळपास संपला. मे महिन्यातच लिंकनने तीन वर्षांच्या व्हॉलंटियरची मागणी केलेली, बुल रननंतर काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, पाच लाखांची मंजुरी दिली. पण करार हा शब्द काही शिपायांच्या डोक्यातून गेला नाही. दुसऱ्या मेनचा किस्सा बघा. रेजिमेंटची मुदत दोन वर्षांची, पण त्यातल्या काहींनी सही केलेली तीन वर्षांच्या कागदावर, आपण सगळे एकदमच घरी जाणार या समजुतीने. मे १८६३ ला बाकीची रेजिमेंट घरी गेली आणि हे १२० जण मागे अडकले. त्यांनी काम करायला साफ नकार दिला. त्यांना संगिनींच्या पहाऱ्यात, उपाशी, विसाव्या मेनकडे आणून सोडलं, आणि सोबत हुकूम असा की ऐकलं नाही तर गोळ्या घाला. विसाव्या मेनचा कर्नल जोशुआ चेंबरलेन कॉलेजात प्रोफेसर होता, नुकतीच रेजिमेंट हातात आलेली. त्याने पहारा काढला, आधी जेवायला घातलं, सगळ्यांना वेगवेगळ्या कंपन्यांत पांगवलं आणि त्यांची तक्रार वर कळवतो म्हणाला. जेमतेम दीड महिन्यात, २ जुलैला, गेटिसबर्गच्या लढाईत लिटल राउंड टॉप या टेकडीवर चेंबरलेनकडे चारशेच्या आत माणसं होती, काडतुसं संपत आलेली, समोर पंधरावी अलाबामा, आणि शेवटी संगिनी लावून उतारावरून धावत सुटले. त्या गर्दीत झेंडा धरून उभा राहिलेला सार्जंट अँड्र्यू टोझियर हा मूळचा दुसऱ्या मेनचा, त्या मागे राहिलेल्यांपैकीच. त्या १२० जणांना वळवल्याचा प्रसंग लोक चेंबरलेनच्या भाषणबाजीसाठी सांगतात. मला त्यातलं आधीचं जेवण जास्त महत्त्वाचं वाटतं.

एका गावची पोरं एका कंपनीत, याचा फायदा उघड आहे. शेजारी काय म्हणतील, बापाला काय कळेल, या धाकाने माणूस पळत नाही. पण मग त्या कंपनीवर वेळ आली की गावावरच वेळ यायची. दक्षिणेकडे मिसिसिपी युनिव्हर्सिटीची पोरं अकराव्या मिसिसिपीच्या ए कंपनीत होती, ३ जुलै १८६३ च्या गेटिसबर्गच्या हल्ल्यात त्यातले जे जे पुढे गेले ते झाडून सगळे मेले नाहीतर जखमी झाले. दक्षिणेचीच सव्विसावी नॉर्थ कॅरोलिना आठशेच्या वर माणसं घेऊन तिथे पोचली होती, पहिल्याच दिवशी पाचशेच्या वर पडले, त्यात त्यांचा कर्नल हेन्री बर्गविन, वय वर्षं एकवीस. उत्तरेच्या पहिल्या मिनेसोटाला २ जुलैला जनरल हॅनकॉकने फक्त काही मिनिटं विकत घ्यायला शत्रूच्या एका अख्ख्या ब्रिगेडवर, म्हणजे चार-पाच रेजिमेंटवर, सोडलं. त्यांचे लोक पुढे सांगायचे तो हिशोब असा, चालून गेले २६२ आणि उभे राहिले ४७.

आणि हे सगळं तर गोळ्यांचं झालं. प्रत्यक्षात या युद्धात दर तीन मृत्यूंमागे साधारण दोन रोगाने. खेड्यातली पोरं, कधी गर्दीत राहिलेली नाहीत, छावणीत आल्या आल्या गोवर. मग हगवण, टायफॉइड. हजारांची रेजिमेंट पहिली लढाई बघायच्या आधीच सात-आठशेवर यायची.

मग रिकाम्या जागा भरायच्या ना? इथे परत राज्यांचं राजकारण. जुन्या रेजिमेंटमध्ये माणसं पाठवली तर गव्हर्नरला काय मिळणार? नवीन रेजिमेंट काढली तर नवा कर्नल, नवे कॅप्टन, तीस-पस्तीस जागा वाटता येतात. म्हणून बहुतेक राज्यं नव्या नव्या काढत राहिली आणि जुन्या, मुरलेल्या रेजिमेंट दोन-तीनशेवर येऊन रखडल्या. विस्कॉन्सिनने तेवढा शहाणपणा केला, जुन्यांतच भरती पाठवत राहिलं, आणि उत्तरेच्या जनरल शर्मनने नंतर लिहून ठेवलंय की विस्कॉन्सिनची एक रेजिमेंट म्हणजे आम्ही इतरांच्या ब्रिगेडच्या बरोबरीची धरायचो.

व्हॉलंटियर आटले तसा सक्तीचा विषय आला. दक्षिणेने आधी, एप्रिल १८६२ मध्ये. बारा महिन्यांसाठी आलेल्यांना सांगितलं की आता तीन वर्षं, पण हवं तर आपले अधिकारी परत निवडून घ्या. उत्तरेत कायदा मार्च १८६३ चा. तुमचं नाव निघालं तर बदली माणूस द्या किंवा ३०० डॉलर भरा आणि सुटा. साध्या शिपायाचा महिन्याचा पगार १३ डॉलर, म्हणजे सुटकेची किंमत जवळपास दोन वर्षांचा पगार. सुमारे ८७ हजार लोकांनी पैसे भरून पाय काढून घेतला. जुलैत न्यूयॉर्क पेटलं आणि त्या दंगलीत राग निघाला तो शहरातल्या काळ्या लोकांवर.

त्याच आठवड्यात, १८ जुलैला, चोपन्नावी मॅसॅच्युसेट्स फोर्ट वॅगनर या दक्षिणेच्या किल्ल्यावर चालून जात होती. काळे शिपाई, गोरे अधिकारी, कर्नल रॉबर्ट शॉ तिथेच पडला. भरतीच्या वेळी सांगितलं होतं पगार सगळ्यांसारखा. हातात आले दहा डॉलर, त्यातून तीन कपड्यांचे कापून सात. त्यांनी पगार घ्यायचंच नाकारलं, दीड वर्ष. राज्य म्हणालं वरचा फरक आम्ही देतो, तर तेही नको. इथेही तोच करार, फक्त मोडणारा सरकार होतं. साउथ कॅरोलिनाच्या काळ्या रेजिमेंटमधला सार्जंट विल्यम वॉकर, त्याने याच पगारासाठी आपल्या कंपनीला कर्नलच्या तंबूसमोर बंदुका ठेवायला लावल्या, त्याला बंडखोर ठरवून फेब्रुवारी १८६४ मध्ये गोळ्या घातल्या. जूनमध्ये कायदा बदलला, तरी आधीच्या थकबाकीसाठी अट अशी की १९ एप्रिल १८६१ ला तुम्ही स्वतंत्र होता अशी शपथ घ्या. चोपन्नाव्यात पळून आलेले गुलाम होतेच की. मग शॉनंतरच्या कर्नल हॅलोवेलने शपथच अशी बनवली की त्या तारखेला माझ्याकडून फुकट मेहनत मागायचा हक्क कोणालाच नव्हता. सगळ्यांनी खऱ्या मनाने घेतली.

चोपन्नावी राज्याची होती म्हणून तिच्या नावात मॅसॅच्युसेट्स आहे. बाकीच्या बहुतेक काळ्या रेजिमेंटना फक्त नंबर आणि 'युनायटेड स्टेट्स कलर्ड ट्रूप्स', राज्य नाही, गाव नाही. असे सुमारे १ लाख ७९ हजार लोक लढले.

आपल्याकडे हे युद्ध पोचलं ते कापसाच्या भावातून. दक्षिणेची बंदरं बंद, त्यामुळे वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचे दिवस आणि मुंबईत शेअरचा धुमाकूळ, १८६५ ला युद्ध संपलं आणि सगळं कोसळलं. पण पुण्यात एकाने त्यातलं वेगळंच काही टिपलं होतं. जोतीराव फुल्यांनी १८७३ चं 'गुलामगिरी' अर्पण केलं ते गुलामी मोडण्यासाठी झिजलेल्या अमेरिकेतल्या भल्या माणसांना.

१८६३-६४ च्या हिवाळ्यात तीन वर्षंवाल्यांची मुदत संपायला आली तेव्हा सरकारची झोप उडाली होती. मग आमिष काढलं: ४०० डॉलर, तीस दिवस सुट्टी, बाहीवर पट्टी, आणि रेजिमेंटमधल्या तीन चतुर्थांश लोकांनी पुन्हा सही केली तर रेजिमेंटचं नाव कायम राहील. १ लाख ३६ हजारांच्या आसपास लोकांनी सही केली. पैसा होताच, सुट्टीही होती, पण ते नाव पुसू नये ही ओढ कमी नव्हती.

ती ओढ अजून गेलेली नाही. ३ जुलै १८६३ ला गेटिसबर्गला पहिल्या मिनेसोटाच्या एका शिपायाने अठ्ठाविसाव्या व्हर्जिनियाचा झेंडा पकडला. व्हर्जिनियाने तो कित्येकदा परत मागितला, २०१३ मध्ये दीडशे वर्षं झाली म्हणून निदान उसना तरी द्या म्हणाले. मिनेसोटाच्या गव्हर्नरने नाही म्हणून सांगितलं. झेंडा अजून मिनेसोटातच आहे.