हागिया सोफियाचा घुमट आणि त्याचा रेटा

जुलै 2020 मध्ये इस्तंबूलच्या हागिया सोफियाचा संग्रहालयाचा दर्जा गेला, तिथे पुन्हा नमाज सुरू झाला, आणि ही वास्तू नक्की कोणाची यावर जगभर वाद रंगला. 537 पासून ती चर्च होती. त्यातही 1204 ते 1261 ऑर्थोडॉक्सांऐवजी कॅथलिकांच्या ताब्यात. 1453 मध्ये मशीद, 1935 मध्ये संग्रहालय, आता परत मशीद. मला मात्र तेव्हापासून वेड लागलंय ते तिच्या घुमटाचं. सुमारे 31 मीटर रुंद, जमिनीपासून 55 मीटर उंच, आणि बांधलाय नुसत्या विटा-चुन्यात. तोही भूकंपाच्या प्रदेशात!

एक दोरी घ्या. मधोमध थोडं वजन अडकवा आणि दोन टोकं दोन हातांत धरा. दोरी सैल, खोल लोंबत असेल तर हातांना फारसं जाणवत नाही. आता तीच ताणून आडवी करायला जा. हात आत ओढले जातात आणि दोरी पूर्ण सरळ तर कधीच होत नाही. झोळ निम्मा केला की आडवी ओढ जवळपास दुप्पट होते. हे चित्र उलटं करा की झाली कमान! दोरीत ताण होता तिथे कमानीत दाब, आणि हात आत ओढले जात होते तिथे आता खांब बाहेर ढकलले जातात. इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूकने 17व्या शतकात हे सूत्रासारखं मांडलं. घुमट म्हणजे अशा कमानींचं वर्तुळ. तो जितका चपटा, तितका बाहेरचा रेटा जास्त.

पहिला घुमट चपटा होता. सम्राट जस्टिनियनने हे काम अँथेमियस आणि इसिडोर या दोन भूमितीतज्ज्ञांवर सोपवलं होतं. चौकोनी पायावर गोल घुमट बसवायला त्यांनी चार प्रचंड कमानी उभारल्या आणि त्यांच्यामधले कोपरे गोलाच्या त्रिकोणी तुकड्यांनी भरले. पूर्व-पश्चिमेला अर्धघुमट टेकू देतात. उत्तर-दक्षिणेला तसा टेकू नाही, त्या बाजूंना रेटा सगळा खांबांवर आणि त्यांच्या धिऱ्यांवर, म्हणजे आधाराच्या जाड भिंतींवर.

त्यात घाई. सगळी इमारत सहा वर्षांच्या आत उभी राहिली. इथला चुना सुरखीचा, म्हणजे विटांची भुकटी घातलेला, आणि त्याचे थर विटांहूनही जाड. सुरखीतली सिलिका चुन्याशी संयोग पावून आजच्या सिमेंटमधल्यासारखाच पदार्थ बनवते, पण फार सावकाश. चुना ओला असतानाच वर भार चढत गेला आणि खांब बाहेर कलले. 553 आणि 557 च्या भूकंपांनी घुमट खिळखिळा झाला आणि 558 मध्ये कोसळला. इसिडोरच्या पुतण्याने नवा घुमट सुमारे 6 मीटर अधिक उंच बांधला. रेटा कमी करायचा सरळ उपाय!

आत एक 'रडणारा खांब' आहे. त्याच्या भोकात अंगठा फिरवला आणि बोट ओलं झालं की आजार बरा होतो, असं सांगतात. दगडाच्या बारीक छिद्रांमधून ओल वर चढते, जुन्या भिंतीत चढते तशीच. त्या ओलीने कोणाचा आजार जात नाही, आणि हजारो अंगठ्यांनी दगड मात्र झिजतो.

पुढे 989 मध्ये घुमटाचा पश्चिमेचा भाग पडला, तो आर्मेनियाचा वास्तुविशारद त्रदात याने बांधला. 1346 मध्ये पूर्वेचा पडला. उस्मानी तुर्कांच्या काळात वास्तुविशारद सिनानने बाहेरून धिरे दिले आणि 1847 च्या दुरुस्तीत फोसाती या स्विस वास्तुविशारद बंधूंनी घुमटाच्या तळाशी लोखंडी साखळी आवळली, पिंपाला कडं घालावं तशी.

घुमटाला आतून 40 फासळ्या आहेत. उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या सहाव्या शतकातल्या, पश्चिमेच्या दहाव्या, पूर्वेच्या चौदाव्या. म्हणून घुमट आता पुरता गोल राहिलेला नाही, आणि जिथे दोन काळांचं काम मिळतं तिथे वक्रता किंचित चुकलेली आहे.