सवलतीतील गिफ्ट कार्डांची ऑनलाइन पुनर्विक्री आणि तिच्यातील जोखीम

एखाद्या दुकानाने किंवा विक्रीसाखळीने विकलेले, पण धारकाला नको असलेले गिफ्ट कार्ड दर्शनी किमतीपेक्षा कमी दराने तिसऱ्या व्यक्तीला विकण्याच्या व्यवहारास गिफ्ट कार्डांची पुनर्विक्री म्हणतात. आज हा व्यवहार मुख्यतः संकेतस्थळांवरून चालतो. शंभराची खरेदी नव्वदमध्ये किंवा पंच्याऐंशीत होते म्हणून ग्राहक खूश असतो, न वापरलेल्या कार्डाचे रोख पैसे मिळतात म्हणून विक्रेत्याची सोय होते आणि खरेदी-विक्रीच्या दरांतील फरक पुनर्विक्रेत्याकडे राहतो. व्यवहार कायदेशीर असू शकतो आणि पुष्कळदा असतोही. मात्र त्यात प्रत्यक्ष हस्तांतरित होते ती वस्तू नसून एका क्रमांकाची माहिती असते. ती खरेदीदाराला मिळाली तरी विकणाऱ्याकडून नाहीशी होत नाही. पुढे वर्णिलेल्या बहुतेक जोखमींचे मूळ या एका गोष्टीत आहे.

दुकानांतून पूर्वी कागदी भेटपत्रे विकली जात. इलेक्ट्रॉनिक नोंदीवर चालणारी प्लॅस्टिकची गिफ्ट कार्डे अमेरिकेत १९९४ मध्ये नीमन मार्कस या विक्रीसाखळीने प्रथम विकली, असे सामान्यतः मानले जाते. त्यानंतर थोड्याच काळात चित्रपटांच्या व्हिडिओ कॅसेट भाड्याने देणाऱ्या ब्लॉकबस्टर या साखळीने ती काउंटरजवळ मांडून ठेवण्यास सुरुवात केली आणि हा प्रकार झपाट्याने पसरला. भेट म्हणून आलेले कार्ड प्रत्येकाच्या उपयोगाचे असतेच असे नाही, त्यामुळे न वापरलेल्या शिलकीचा साठा वाढत गेला. त्यावर प्लॅस्टिक जंगल, कार्डपूल, कार्डकॅश, रेझ अशी पुनर्विक्रीची संकेतस्थळे उभी राहिली. काही संकेतस्थळे कार्डे स्वतः विकत घेऊन पुढे विकतात, तर काही केवळ विक्रेता आणि ग्राहक यांची गाठ घालून देतात. हा फरक ग्राहकाने आधीच समजून घ्यावा असा आहे, कारण कार्ड निकामी निघाल्यास पहिल्या प्रकारात जबाबदार कोण हे स्पष्ट असते, तर दुसऱ्या प्रकारात मध्यस्थ आपल्या हमीच्या अटींपलीकडे बहुधा जात नाही.

दुकानाचे गिफ्ट कार्ड त्या दुकानापुरतेच चालते. कार्डावर एक लांब क्रमांक असतो, खरवडून काढायच्या पट्टीखाली बहुधा पिन असतो आणि शिल्लक रक्कम कार्डात नव्हे, तर दुकानाच्या सर्व्हरवर नोंदलेली असते. धारकाचे नाव कुठेच नसते. जो क्रमांक आणि पिन सादर करील त्याला माल मिळतो. त्याने ते कसे मिळवले हे काउंटरवरील यंत्र विचारत नाही. ई-मेलने येणाऱ्या कार्डात तर प्लॅस्टिकही नसते, फक्त अंक आणि अक्षरे असतात. बँकेच्या कार्डाचा गैरवापर झाल्यास ग्राहकाला जे संरक्षण मिळते, ते अशा कार्डाला सहसा मिळत नाही.

सर्वांत साधी फसवणूक विक्रेत्याकडूनच होते. तो कार्डाचा क्रमांक व पिन पुनर्विक्रेत्याला देतो, पण स्वतःकडेही टिपून ठेवतो. पुनर्विक्रेता शिल्लक तपासतो, ती पूर्ण असते. कार्ड विक्रीला लागते, ग्राहक ते घेतो, तोही शिल्लक तपासतो आणि तीही पूर्ण दिसते. निर्धास्त होऊन तो कार्ड पुढच्या महिन्यातील मोठ्या खरेदीसाठी राखून ठेवतो. दरम्यान मूळ विक्रेता त्याच क्रमांकावर ऑनलाइन खरेदी उरकतो. ग्राहक काउंटरवर सामान मांडतो, कॅशियर क्रमांक टाकतो आणि पडद्यावर शिल्लक शून्य येते. दुकानाच्या दृष्टीने यात काहीच गैर घडलेले नसते, कारण योग्य क्रमांक व योग्य पिन वापरून एक खरेदी झालेली असते. म्हणूनच खरेदीच्या क्षणी तपासलेली शिल्लक हा त्या क्षणापुरताच पुरावा होय. ‘पडताळलेली शिल्लक’ असा शिक्का मारून कार्डे विकणारी संकेतस्थळे खोटे बोलत नसली, तरी ग्राहक त्या शब्दांतून जे आश्वासन घेतो ते त्यांत नसते.

विक्रेता प्रामाणिक असला तरी क्रमांक आधीच फुटलेला असू शकतो. दुकानात उघड्यावर टांगलेली कार्डे उचलून, पट्टी खरवडून, पिन टिपून वर हुबेहूब नवी पट्टी चिकटवून ती परत ठेवण्याचा प्रकार अनेक ठिकाणी उघडकीस आला आहे. कार्ड विकले जाऊन त्यात रक्कम भरली गेली की टोळीच्या संगणकावर त्याची शिल्लक दिसू लागते आणि रक्कम काढून घेतली जाते. दुसरा मार्ग अंदाजाचा आहे. कार्डांचे क्रमांक ठरावीक साच्यातले असल्यामुळे शिल्लक तपासण्याच्या पानावर स्वयंचलित प्रोग्रामने लाखो क्रमांक टाकून पाहता येतात. २०१७ मध्ये डिस्टिल नेटवर्क्स या सुरक्षा कंपनीने ‘गिफ्टघोस्टबॉट’ नावाने अशाच एका प्रोग्रामची माहिती दिली होती. त्याचे हल्ले सुमारे १,००० संकेतस्थळांवर आढळले होते. तिसरा मार्ग पुनर्विक्रेत्याकडूनच माहिती चोरीला जाण्याचा. फेब्रुवारी २०२१ मध्ये गुन्हेगारांच्या एका मंचावर सुमारे ९ लाख गिफ्ट कार्डांची माहिती लिलावात निघाली आणि जेमिनी ॲडव्हायझरी या कंपनीच्या संशोधकांनी तिचा माग कार्डपूलच्या संकेतस्थळावरील जुन्या घुसखोरीपर्यंत लावला. हजारो विक्रेत्यांची न वापरलेली कार्डे एका ठिकाणी साठवणारे संकेतस्थळ चोराला एखाद्या दुकानापेक्षा अधिक आकर्षक वाटावे, हे उघड आहे.

यापेक्षा गंभीर प्रश्न कार्ड मुळात कसे आले याचा आहे. चोरलेल्या क्रेडिट कार्डावर टीव्ही मागवला तर तो कुठल्यातरी पत्त्यावर पोहोचवावा लागतो, त्यासाठी वेळ जातो आणि माग राहतो. गिफ्ट कार्ड मागवले तर ते मिनिटांत ई-मेलवर येते आणि पुनर्विक्रीच्या बाजारात त्याचे पैसे होतात. चोरीच्या पैशाचा रंग बदलण्याची ही सोपी वाट आहे. क्रेडिट कार्डाच्या खऱ्या मालकाला बिल पाहून हा व्यवहार लक्षात येतो, तो बँकेकडे तक्रार करतो आणि बँक चार्जबॅकद्वारे दुकानाकडून पैसे परत घेते. दुकान मग ज्या गिफ्ट कार्डाचे पैसे बुडाले ते रद्द करते. त्या वेळी ते चार हात फिरून एखाद्या निरपराध ग्राहकाकडे पोहोचलेले असते.

इथे कालावधीचा हिशेब महत्त्वाचा ठरतो. व्हिसा आणि मास्टरकार्ड यांच्या नियमांत अशा तक्रारीसाठी साधारणतः १२० दिवसांपर्यंत मुदत असते. पुनर्विक्रेत्यांच्या हमीचा काळ मात्र एकसारखा नाही. काही ठिकाणी तो वर्षभराचा असतो, तर काही ठिकाणी दीड महिन्याच्या आसपास संपतो. हमी दीड महिन्याची आणि तक्रारीची मुदत चार महिन्यांची असेल, तर मधल्या अडीच महिन्यांत रद्द झालेल्या कार्डाचे नुकसान ग्राहकाच्याच माथी बसते. सवलतीचा टक्का ठळक अक्षरांत छापलेला असतो आणि हमीचे दिवस अटींच्या पानात असतात; तुलना करताना मात्र दिवसांना टक्क्यांपेक्षा जास्त वजन द्यायला हवे.

कार्डांचा चोरटा पुरवठा संघटित स्वरूपाचाही असतो. मायक्रोसॉफ्टने मे २०२४ मध्ये मोरोक्कोतून काम करणाऱ्या स्टॉर्म-०५३९ या टोळीची पद्धत उघड केली. ही टोळी विक्रीसाखळ्यांच्या कर्मचाऱ्यांना फसवे संदेश पाठवून त्यांची लॉगिन माहिती मिळवते, कार्डे जारी करणाऱ्या यंत्रणेत शिरते आणि स्वतःच नवी कार्डे तयार करून ती काळ्या बाजारात सवलतीने विकते. अशी कार्डे तांत्रिकदृष्ट्या बनावट नसतात. दुकानाच्याच यंत्रणेने ती जारी केलेली असल्याने शिल्लक तपासून काहीच वावगे आढळत नाही. याच जातीचा गुन्हा आतल्या माणसाकडूनही घडला आहे. मायक्रोसॉफ्टच्या एका माजी अभियंत्याने चाचणीसाठी मिळालेल्या सुविधेचा गैरवापर करून १ कोटी डॉलरांहून अधिक किमतीची डिजिटल गिफ्ट कार्डे व तत्सम मूल्य चोरले आणि इंटरनेटवर विकले. त्याला नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेत नऊ वर्षांची शिक्षा झाली.

पुरवठ्याचे आणखी दोन स्रोत आहेत. चोरलेला माल पावतीविना दुकानात परत करून त्याबदल्यात मिळालेले कार्ड विकणे हा एक. दुसरा अधिक क्लेशकारक आहे: कर अधिकारी, बँक किंवा संकटात सापडलेला नातेवाईक असल्याचे भासवून घाबरलेल्या, बहुतेकदा वयस्क, माणसाला गिफ्ट कार्डे विकत घ्यायला लावायची आणि फोनवर त्यांचे क्रमांक वाचून घ्यायचे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनकडे २०२३ मध्ये आलेल्या तक्रारींत गिफ्ट कार्डे व रीलोड कार्डे (प्रीपेड कार्डात रक्कम भरण्यासाठीची कार्डे) यांद्वारे झालेले नुकसान २१.७ कोटी डॉलर होते. या क्रमांकांचे पैसे करण्यासाठी कुठेतरी ग्राहक लागतो. स्वस्तात कार्ड घेणाऱ्याला याची कल्पना नसते, पण अशा फसवणुकीला बाजार मिळतो तो त्याच्यासारख्यांच्या मागणीमुळेच. पुनर्विक्रीचा विचार करताना ही बाजू झाकून ठेवता येणार नाही.

कार्ड रद्द होणे एवढ्यावरच नुकसान थांबत नाही. ॲमेझॉन, ॲपल यांसारख्या कंपन्यांच्या अटींनुसार त्यांच्या गिफ्ट कार्डांची पुनर्विक्री करता येत नाही. चोरीचा कोड आपल्या खात्यात भरला गेल्यास ते खातेच संशयित ठरून गोठवले जाऊ शकते. ज्या खात्याला अनेक वर्षांची छायाचित्रे, विकत घेतलेली ॲप्स किंवा खेळ जोडलेले असतात, तिथे कार्डाच्या किमतीशी तुलनाच होऊ शकत नाही इतके नुकसान संभवते. पंधरा टक्क्यांसाठी असे खाते पणाला लावू नये, असे स्पष्टपणे म्हणावेसे वाटते. डिजिटल दुकानांची कार्डे देशानुसार बांधलेली असतात, त्यामुळे एका देशाचे कार्ड दुसऱ्या देशातील खात्यात भरले जात नाही; आणि एकदा दिलेला कोड परत घेण्यास पुनर्विक्रेते बहुधा नकार देतात.

दुकानच बंद पडले तर काय, हा धोका नव्याने घेतलेल्या कार्डालाही असतो. पण पुनर्विक्रीच्या बाजारात तो वाढतो, कारण अडचणीत आलेल्या दुकानाची कार्डे धारक घाईने विकायला काढतात आणि सवलत अचानक मोठी दिसू लागते. दिवाळखोरीत कार्डधारक हा सामान्यतः असुरक्षित धनको, म्हणजे ज्याच्या येण्याला कोणतेही तारण नसते असा, ठरतो. अमेरिकेतील शार्पर इमेजने फेब्रुवारी २००८ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केल्यावर कार्डे स्वीकारणे थांबवले आणि नंतर कार्डाच्या किमतीच्या दुप्पट खरेदी करणाऱ्यांकडूनच ती घेतली. ब्रिटनमधील एचएमव्हीने जानेवारी २०१३ मध्ये प्रथम नकार दिला आणि ग्राहकांच्या संतापानंतर काही दिवसांत निर्णय बदलला.

वैधतेच्या मुदतीबाबत काही देशांत कायद्याचे संरक्षण आहे. अमेरिकेत २००९ च्या कायद्यानुसार मुदत किमान पाच वर्षांची असावी लागते, ऑस्ट्रेलियात १ नोव्हेंबर २०१९ पासून विकलेल्या कार्डांना किमान तीन वर्षे, तर आयर्लंडमध्ये डिसेंबर २०१९ पासून किमान पाच वर्षे मुदत देणे बंधनकारक आहे. हा काळ मूळ विक्रीपासून किंवा रक्कम भरल्यापासून मोजला जातो, पुनर्विक्रीपासून नव्हे. त्यामुळे हाती आलेल्या कार्डाचे वय विचारणे गरजेचे असते. अमेरिकेतील मेरीलँड राज्याने २०२४ मध्ये कार्डांच्या सुरक्षित वेष्टनाविषयी कायदा केला व तो जून २०२५ पासून लागू झाला. मात्र वेष्टनाचा उपयोग कार्ड प्रथम विकले जाईपर्यंतच होतो. त्यानंतर वेष्टन फुटते आणि क्रमांक मोकळा होतो.

सवलत किती आहे यावरून कार्डाच्या उगमाविषयी बराच अंदाज बांधता येतो. रोजच्या गरजेचा माल विकणाऱ्या मोठ्या दुकानाचे कार्ड जवळजवळ रोख पैशासारखेच असते. ते ज्याच्याकडे आहे त्याला ते स्वतः वापरता येते, शेजाऱ्याला देता येते, म्हणून प्रामाणिक विक्रेता त्यावर फार तोटा सोसत नाही आणि सवलत काही टक्क्यांपुरतीच राहते. फार थोड्यांना उपयोगी पडणाऱ्या दुकानाच्या कार्डावर वीस टक्के किंवा अधिक सवलत असणे स्वाभाविक आहे. परंतु सर्वत्र चालणारे कार्ड कोणी तीस-चाळीस टक्के कमी दराने देत असेल, तर पुनर्विक्रेत्याचा हिस्सा वजा जाता विक्रेत्याला त्याहूनही कमी मिळत आहे. इतका तोटा सहज सोसणाऱ्याला ते कार्ड मिळवताना काही मोजावे लागले नसावे, अशी शंका येते. समाजमाध्यमांवरील गटांत, लिलावांत किंवा खासगी संदेशांतून मिळणाऱ्या कार्डांना तर हमीही नसते. पैसे क्रिप्टोचलनात, थेट बँक हस्तांतरणाने किंवा दुसऱ्या गिफ्ट कार्डाने मागितले, तर ग्राहकाचा स्वतःचा चार्जबॅकचा हक्कही संपतो.

ज्यांना तरीही असे कार्ड घ्यायचे असेल, त्यांनी खरेदी आधी ठरवावी आणि मग त्या रकमेचेच कार्ड घेऊन ते त्याच दिवशी संपवावे. साठवून ठेवण्यासाठी पुनर्विक्रीचे कार्ड योग्य नाही. काही दुकाने शिल्लक आपल्या खात्यात किंवा दुसऱ्या कार्डावर वळवू देतात. तसे केल्यास जुना क्रमांक रिकामा होतो आणि मूळ विक्रेत्याकडे उरलेली माहिती निरुपयोगी ठरते. मात्र कार्ड चोरीचे निघाले तर हीच कृती ग्राहकाच्या खात्याला त्या चोरीशी जोडते, त्यामुळे हा उपाय एक धोका टाळताना दुसरा ओढवू शकतो. कार्ड रिकामे निघाल्यास आधी पुनर्विक्रेत्याकडे लेखी तक्रार नोंदवावी आणि तिच्यासोबत खरेदीची पावती, शिल्लक तपासल्याची वेळ दाखवणारे पडद्याचे चित्र व दुकानाने दिलेला नकार जोडावा. दुकानाकडून कार्ड केव्हा व कुठे वापरले गेले याचा तपशील मिळाल्यास तोही मागून घ्यावा. हमीची मुदत संपण्यापूर्वी उत्तर आले नाही, तर पैसे ज्या क्रेडिट कार्डाने दिले त्या बँकेकडे दाद मागता येते; त्या तक्रारीचीही मुदत असते आणि ती पुनर्विक्रेत्याच्या उत्तराची वाट पाहण्यात निघून जाऊ शकते.