ओटिस रश

ओटिस रश (२९ एप्रिल १९३४ – २९ सप्टेंबर २०१८) हा शिकागोचा ब्लूज (अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं दुःखाचं गाणं) गिटारिस्ट आणि गायक. मॅजिक सॅम, बडी गाय आणि हा, अशी तिघांची नावं एका दमात घेतली जातात आणि त्यांच्या वाजवण्याला 'वेस्ट साइड साउंड' म्हणतात, शिकागोच्या पश्चिमेकडच्या वस्तीवरून. त्यातला बडी गाय आपल्याकडे बऱ्याच जणांना माहितीये, २०११ साली महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हलला तो वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत वाजवून गेलाय, पण रशचं नाव काढलं की लोक विचारतात हा कोण. गंमत म्हणजे त्याची गाणी त्यांनी ऐकलेली असतात, फक्त लेड झेपलिनच्या नाहीतर एरिक क्लॅप्टनच्या नावाने. रशचं सगळ्यात मोठं काम १९५६ ते १९५८ एवढ्याच काळात झालं, कोब्रा नावाच्या एका छोट्या कंपनीसाठी, आणि त्यानंतरची चाळीसेक वर्षं म्हणजे अर्धवट राहिलेली, उशिरा बाहेर आलेली नाहीतर कंपनीच्या कपाटात पडून राहिलेली रेकॉर्डिंग्ज.

मिसिसिपी ते शिकागो

जन्म मिसिसिपी राज्यातल्या फिलाडेल्फियाजवळचा (पेनसिल्वेनियातलं मोठं शहर ते वेगळं, हे छोटं गाव). जन्मसाल काही ठिकाणी १९३५ पण दिलेलं असतं. घरचे लोक दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने शेती करायचे, सात भावंडं होती. गिटार स्वतःच हाताळत शिकला, समोर बसवून शिकवणारं कोणी नव्हतं, आणि हा डावखुरा, त्यामुळे उजव्या हाताने वाजवणाऱ्यांसाठी तारा लावलेली गिटार त्याने सरळ उलटी धरली आणि तीच सवय जन्मभर राहिली. त्याबद्दल पुढे सांगतो, कारण त्याच्या गिटारच्या आवाजातलं निम्मं रहस्य तिथेच आहे.

१९४० चं दशक संपता संपता तो शिकागोला आला. त्या काळात दक्षिणेतली लाखो काळी माणसं उत्तरेकडच्या शहरांत येत होती, कत्तलखान्यांत आणि पोलाद कारखान्यांत काम मिळायचं, रशनेही असलीच कामं केली. बहिणीकडे आला असताना तिने त्याला क्लबमध्ये मडी वॉटर्स, शिकागो ब्लूजचा तेव्हाचा मोठा गायक-गिटारिस्ट, ऐकायला नेलं आणि तिथेच त्याने ठरवलं की आपण हेच करायचं. पहिल्यांदा 'लिटल ओटिस' या नावाने वाजवायचा. मडीच्या पिढीचं वाजवणं मिसिसिपीच्या गावाकडचंच होतं, फक्त त्याला वीज जोडलेली. रशचं तसं नाही, त्याच्या कानात बी. बी. किंगची एकेक तार बोलवणारी गिटार आणि टी-बोन वॉकर पण होता, शिवाय गाताना चर्चमधल्या गॉस्पेल गाण्याचा ताण. या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या म्हणून वेस्ट साइडचं संगीत साउथ साइडपेक्षा, म्हणजे मडीच्या मंडळींच्या वाजवण्यापेक्षा, वेगळं वाटतं. एक कारण असंही सांगतात की वेस्ट साइडचे क्लब लहान, सॅक्सोफोनवाल्यांना द्यायला पैसे नाहीत, म्हणून सॅक्सोफोनचं काम गिटारवर पडलं. असेल, पण रशच्या कोब्राच्या रेकॉर्डवर सॅक्सोफोन चांगले दणकून वाजतात, तेव्हा हे कारण त्याला तरी पूर्ण लागू होत नाही.

कोब्राची दोन वर्षं

विली डिक्सन हा त्या वेळी शिकागो ब्लूजचा सगळ्यात कामाचा माणूस, गाणी लिहायचा, बास वाजवायचा, सेशन लावायचा. चेस रेकॉर्ड्स या शिकागोच्या मोठ्या ब्लूज कंपनीत पैशावरून नाराज होऊन तो बाहेर पडला आणि एली तोस्कानो नावाच्या माणसाने वेस्ट साइडला नवीनच काढलेल्या कोब्रा कंपनीला जोडला गेला. डिक्सनने रशला ७०८ क्लबमध्ये ऐकलं होतं, तोच रशला घेऊन आला. १९५६ मध्ये कोब्राचं पहिलंच सिंगल (दोन बाजूंना एकेक गाणं असलेली छोटी रेकॉर्ड) निघालं ते रशचं, 'आय कान्ट क्विट यू बेबी', गाणं डिक्सनने लिहिलेलं, माउथ ऑर्गनवर बिग वॉल्टर हॉर्टन. बिलबोर्ड साप्ताहिकाच्या आर अँड बी (तेव्हाची काळ्यांमधली लोकप्रिय गाणी) यादीत ते सहाव्या नंबरापर्यंत गेलं. रशच्या अख्ख्या कारकिर्दीत देशभर चाललेलं गाणं हे एवढंच, पहिलंच.

ते गाणं नीट ऐकायला हवं. वाद्यं सुरू व्हायच्या आधीच आवाज येतो, एकच 'वेल' हा शब्द, तो एवढा ताणलेला की पुढची ओळ येईपर्यंत आपण अडकूनच राहतो, मग बँड येतो, एकदम संथ लयीत. रश तेव्हा बाविशीतला पोरगा होता, आवाज मात्र पन्नाशीच्या माणसाचा. मध्येच आवाज फाटून वर फॉल्सेटोत, म्हणजे पातळ खोट्या आवाजात जातो आणि परत खाली येतो, तो नकळत गेलाय की मुद्दाम नेलाय हे कळत नाही.

पुढच्या दोन वर्षांत कोब्रावर त्याची एकूण आठ सिंगल्स निघाली, म्हणजे सोळा बाजू. सगळ्या सारख्या तोलाच्या नाहीत. 'व्हायलंट लव्ह' हे डिक्सनने दिलेलं उड्या मारणारं गाणं रशच्या अंगाला अजिबात बसत नाही, ऐकून सोडून द्यावं. पण 'माय लव्ह विल नेव्हर डाय', 'ग्रोनिंग द ब्लूज', 'चेकिंग ऑन माय बेबी' ही एकाहून एक आहेत, आणि शेवटी १९५८ मध्ये 'डबल ट्रबल' आणि 'ऑल युअर लव्ह' आली ती तर कळसच. या दोन्हींच्या वेळी आइक टर्नर आपल्या बँडमधल्या माणसांसकट हजर होता, दुसरी गिटार त्याची. हाच तो आइक टर्नर, टीना टर्नरचा पुढे झालेला नवरा.

'डबल ट्रबल' मध्ये प्रेमभंग आहेच पण नोकरी गेलेली आहे, या पिढीतली काही माणसं लखपती झाली आणि आपल्याला अंगावर घालायला धड कपडे मिळायची मारामार, असं तो सरळ म्हणतो. शिकागोत आलेल्या कितीतरी लोकांचं तेच होतं. 'ऑल युअर लव्ह' ची रचना वेगळी आहे. मायनर (उदास वाटणारी) सुरावट, खाली रुंबा या क्युबन तालासारखा हेलकावा, त्यावर गिटारचा एक छोटा तुकडा परत परत येतो, आणि अर्ध्यात आल्यावर ताल अचानक मोडतो, बँड सरळ धावत्या शफलवर जातो, रश तिथे सोलो घेतो आणि मग काही झालंच नाही अशा थाटात परत रुंबावर. हे सगळं तीन मिनिटांच्या आत. मायनर सुरावटीतला ब्लूज त्याच्या आधी नव्हता असं नाही, पण शिकागोच्या इलेक्ट्रिक गिटारवाल्यांमध्ये तो रुजला त्यात रशचा वाटा फार मोठा आहे. (मॅजिक सॅमचं पण 'ऑल युअर लव्ह' आहे, ते १९५७ चं, कोब्राचंच, आणि गाणं पूर्ण वेगळं. शोधताना हमखास घोळ होतो.)

बडी गाय लुइझियानातून १९५७ मध्ये शिकागोला आला तेव्हा खिसा रिकामा होता, ७०८ क्लबमध्ये रशने त्याला स्टेजवर घेतलं असं बडी स्वतः सांगत आलाय. पुढच्या वर्षी बडीची पहिली सिंगल्स निघाली ती कोब्राच्याच आर्टिस्टिक या जोडलेबलावर. १९५९ मध्ये कोब्रा बंद पडली आणि हे सगळे रस्त्यावर आले.

उलटी गिटार

नेहमीच्या गिटारवर जाड तार वर, म्हणजे वाजवणाऱ्याच्या तोंडाकडे असते आणि बारीक तार खाली जमिनीकडे. रशची बरोब्बर उलटी, बारीक तार वर. ब्लूजमध्ये तार दाबून बाजूला ताणायची आणि सूर वर चढवायचा हा मुख्य खेळ, आपल्याकडे सतारीवर मींड काढतात त्याच जातीचा. बाकीचे गिटारिस्ट बारीक तार बोटाने वर ढकलतात. रश ती खाली ओढतो, ढकलण्यापेक्षा ओढण्यात बोटांना जोर जास्त मिळतो, त्यामुळे त्याचा सूर चढताना दमदार आणि सावकाश चढतो, आणि वर पोचल्यावर जो थरथरवतो तो रुंद असतो. अल्बर्ट किंग पण असाच उलट्या तारांवर वाजवायचा आणि दोघांच्या तार ताणण्यात जवळीक ऐकू येते. डाव्या हाताची करंगळी जाड तारेखाली अडकवून हात स्थिर ठेवायचा ही रशची खास लकब, व्हिडिओत स्पष्ट दिसते. असं सगळं असल्यामुळे उजव्या हाताने वाजवणाऱ्याला त्याचे सूर सापडतात, तो चढ काही सापडत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे तो फार वाजवत नाही. गाण्याची ओळ, मग गिटारची ओळ, मधे जागा. बडी गायचं वाजवणं अंगावर येतं, रशचं तसं नाही, तो सूर धरून ठेवतो.

अडकलेली वर्षं

१९६० मध्ये तो चेसकडे गेला, 'सो मेनी रोड्स, सो मेनी ट्रेन्स' हे तिथलं, माझ्या मते त्याच्या सोलोंपैकी सगळ्यात सुंदर सोलो याच्यात आहे. पण चेसने थोडंच बाहेर काढलं. १९६२ मध्ये ह्यूस्टनच्या ड्यूक कंपनीने करार केला आणि त्या करारातून एकच सिंगल निघालं, 'होमवर्क'. गाणं झकास, नंतर जे. गाइल्स बँड आणि फ्लीटवूड मॅक दोघांनी घेतलं, पण ऐन तिशीच्या आसपासची वर्षं रश करारात अडकून बसला. साठच्या दशकाचं मधलं म्हणजे गोऱ्या तरुण पोरांना ब्लूजचा शोध लागत होता तोच काळ, आणि रशची एकही एलपी, म्हणजे पूर्ण अल्बमची मोठी रेकॉर्ड, बाजारात नाही.

१९६६ मध्ये व्हॅनगार्ड या रेकॉर्ड कंपनीने 'शिकागो/द ब्लूज/टुडे!' असे तीन भाग काढले, सॅम्युअल चार्टर्सने रेकॉर्ड केलेले, त्यात दुसऱ्या भागात रशची पाच गाणी आहेत. त्यातलं 'आय कान्ट क्विट यू बेबी' जुन्यापेक्षा वेगळ्या बांधणीचं आहे, आणि लेड झेपलिनने १९६९ च्या पहिल्या अल्बमवर घेतलं ते याच बांधणीच्या जवळचं. त्याच १९६६ मध्ये इंग्लंडमध्ये जॉन मेयॉलच्या बँडने क्लॅप्टनला घेऊन केलेल्या अल्बमचं पहिलं गाणं 'ऑल युअर लव्ह'. फ्लीटवूड मॅकच्या पीटर ग्रीनने 'ब्लॅक मॅजिक वुमन' लिहिलं त्यातही 'ऑल युअर लव्ह' चा मायनर हेलकावा आणि मधला तालबदल ओळखू येतो, पुढे सांतानाने ते जगभर गाजवलं. टेक्सासच्या स्टीव्ही रे व्हॉनने तर बँडचंच नाव 'डबल ट्रबल' ठेवलं. म्हणजे रश सगळीकडे होता, फक्त त्याच्या स्वतःच्या रेकॉर्डच्या दुकानातल्या खणात नव्हता.

पहिला पूर्ण अल्बम आला १९६९ मध्ये, 'मॉर्निंग इन द मॉर्निंग' (पहिलं मॉर्निंग म्हणजे शोक), अलाबामातल्या मसल शोल्सच्या फेम स्टुडिओत. प्रोड्यूसर माइक ब्लूमफील्ड आणि निक ग्रॅव्हेनाइट्स, गिटारवर ड्युएन ऑलमनसुद्धा. कागदावर स्वप्नवत. प्रत्यक्षात त्यावर सोल आणि रॉकचा एवढा थर आहे की रश त्याच्याच अल्बममध्ये पाहुण्यासारखा वाटतो, 'गॅम्बलर्स ब्लूज' तेवढं सुटून वर येतं. मग १९७१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला ग्रॅव्हेनाइट्सबरोबरच कॅपिटल कंपनीसाठी दुसरा अल्बम केला, या वेळी सगळं जमलं, आणि कॅपिटलने तो काढलाच नाही. शेवटी रशने मास्टर टेप विकत घेतली आणि १९७६ मध्ये बुलफ्रॉग नावाच्या छोट्या लेबलावर ती रेकॉर्ड बाहेर आली. नाव 'राइट प्लेस, राँग टाइम'. त्याच्या अल्बमांत हाच सर्वोत्तम असं बहुतेक जाणकार म्हणतात आणि मलाही तेच वाटतं.

लोक रशची गोष्ट निव्वळ कमनशिबाची म्हणून सांगतात, ते अर्धंच खरं. कंपन्यांनी वाट लावली हे बरोबर, पण माणूसही अबोल आणि लहरी होता. १९८६ मध्ये एका अल्बमचं सेशन अँप्लिफायर पटत नाही म्हणून तो सोडून निघून गेला. सत्तरच्या दशकाच्या शेवटी त्याने वाजवणंच काही काळ बंद केलं होतं. स्टेजवरही एखाद्या रात्री अंगावर काटा आणायचा आणि एखाद्या रात्री नुसती हजेरी लावून जायचा. सोळा वर्षं नवीन स्टुडिओ अल्बम नाही, मग १९९४ मध्ये 'एन्ट इनफ कमिंग इन' आणि १९९८ मध्ये 'एनी प्लेस आय एम गोइंग', या दुसऱ्याला १९९९ चं पारंपरिक ब्लूजचं ग्रॅमी मिळालं. २००३ मध्ये त्याला स्ट्रोक आला आणि वाजवणं थांबलं. ब्लूज हॉल ऑफ फेममध्ये त्याला १९८४ मध्येच घेतलं होतं. २०१६ च्या शिकागो ब्लूज फेस्टिव्हलमध्ये शहराने त्याचा सत्कार केला.

काय ऐकावं

कोब्राच्या सोळा बाजू आधी, वेगवेगळ्या नावांच्या संग्रहांत मिळतात, फक्त '१९५६–१९५८' लिहिलंय ना ते बघून घ्या, कारण हीच गाणी त्याने पुढे कितीतरी वेळा परत रेकॉर्ड केलीत. मग 'राइट प्लेस, राँग टाइम'. लाइव्ह ऐकायचं तर शिकागोच्या वाइज फूल्स पबमधलं १९७६ चं रेकॉर्डिंग डेलमार्क या कंपनीने २००५ मध्ये काढलंय, लहान जागा, ओळखीचे श्रोते, रश मोकळा. १९८६ चा स्वित्झर्लंडमधल्या मोंत्रोचा कार्यक्रम क्लॅप्टन आणि ल्यूथर ॲलिसनबरोबरचा आहे, बघायला बरा. 'लॉस्ट इन द ब्लूज' मात्र जपून, तो सत्तरच्या दशकात स्वीडनमध्ये केलेला 'ट्रबल्स, ट्रबल्स' हाच अल्बम, १९९१ मध्ये ॲलिगेटर या कंपनीने वरून कीबोर्ड वगैरे चढवून काढलेला, मूळचा मिळाला तर तोच घ्यावा.