‘पिसाळलेला’ ते ‘उग्र जातीचा’ : घरच्या कुत्र्याच्या आक्रमकतेची पार्श्वभूमी

गोव्यात घरचा कुत्रा अंगावर धावून येऊ लागला की पूर्वी पहिली शंका रोगाची घेतली जाई. मराठीत त्याला ‘पिसाळला’ म्हणत, कोकणीत ‘पिशें सुणें’. रोग आणि राग यांत भेद करण्याची सोय या शब्दांत नव्हती. वाड्यावाड्यांतून झालेल्या सामूहिक लसीकरणानंतर 2021 साली राज्य ‘रेबीज नियंत्रित क्षेत्र’ घोषित झाले आणि ही शंका बरीच मागे पडली. मग लस टोचलेला, निरोगी दिसणारा, मुलांच्या अंगाखांद्यावर वाढलेला कुत्राच चावला तर त्याला काय म्हणायचे, हा प्रश्न उरला.

त्याचे एक चुकीचे उत्तर फार जुने आहे. 1947 साली बंदिस्त लांडग्यांच्या निरीक्षणांवरून कळपातील वर्चस्वाची कल्पना मांडली गेली आणि तिच्या आधारे ‘मालकाने कुत्र्याला दाबून ठेवावे’ असे प्रशिक्षक सांगू लागले. रानातील कळप म्हणजे बहुतेकदा आईवडील आणि त्यांची पिल्ले असतात, हे 1999 साली स्पष्टपणे मांडले गेले, तरी मार देऊन वठणीवर आणण्याची पद्धत आजही टिकून आहे. भीती, सांधेदुखी किंवा कानाचे दुखणे यांमुळे चावणारा कुत्रा मार खाल्ल्यावर गुरगुरणे तेवढे सोडतो, आणि पुढचा चावा पूर्वसूचनेविना येतो.

खरा गोंधळ मात्र ‘उग्र जात’ या शब्दाने घातला. 12 मार्च 2024 रोजी केंद्राने राज्यांना पत्र पाठवून 23 जातींची आयात, पैदास व विक्री थांबवण्यास आणि आधीच पाळलेल्यांचे निर्बीजीकरण करण्यास सांगितले. ही यादी बारकाईने वाचण्याजोगी आहे. जपानी टोसा तीत दोन नावांनी दोनदा येतो. ‘टेरियर’ आणि ‘मॅस्टिफ’ हे तर जातींचे गटच आहेत, त्यामुळे मांडीवर मावणारा टेरियरही शब्दशः उग्र ठरतो. पिटबुल, टोसा, डोगो आर्जेंटिनो आणि फिला ब्राझिलेरो ही नावे ब्रिटनच्या 1991 च्या कायद्यातही आहेत. आपल्याकडे किती घरांत फिला असेल, हा प्रश्न यादी करणाऱ्यांना पडलेला दिसत नाही. एप्रिल 2024 मध्ये दोन उच्च न्यायालयांनी हे पत्र रद्द ठरवले.

त्यानंतर चारच महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, गोव्यातील हणजूण येथे पाळीव पिटबुलच्या हल्ल्यात सात वर्षांचा मुलगा दगावला. लोकांचा संताप रास्तच होता. पण त्याने चर्चा पुन्हा जातीपाशी आणून ठेवली आणि 2025 साली राज्यात पैदास, पाळणूक व भरपाईविषयीचे स्वतंत्र विधेयक आले. वस्तुतः मालकाच्या निष्काळजीपणाला जातीशी संबंध नसलेली शिक्षा 1860 च्या दंड संहितेपासून आहे. तिच्या जागी 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत सहा महिन्यांची कैद तशीच राहिली, दंडाची मर्यादा 1,000 वरून 5,000 रुपयांवर गेली, आणि याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

या सगळ्यात ज्या घरात गावठी किंवा लॅब्रडोर कुत्रा सोप्यावर दबा धरून बसतो, त्या घराचा विचार कुठेच नाही. निर्बीजीकरणाने भीतीपोटीचा चावा थांबेलच असे नाही. आधी दुखण्याची तपासणी, मग तोंडाला जाळी, पाहुणे आले की आतली खोली आणि कोण, केव्हा, कशामुळे चावले गेले याची नोंद, अशा क्रमाने पशुवैद्य सल्ला देतात. एवढे करूनही धोका टळला नाही, तर कुत्र्याला शांतपणे मरण देण्याचा विषय निघतो. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात ज्याला जिवंत ठेवणेच क्रूरपणाचे ठरेल अशा जखमी वा आजारी प्राण्यासाठी तरतूद आहे. धडधाकट पण चावणाऱ्या पाळीव कुत्र्याविषयी तो स्पष्टपणे काही सांगत नाही. परिणामी काही घरांत ही चर्चा वर्ष-वर्ष चालते, आणि तोवर पोदेराच्या, म्हणजे दारोदार पाव विकणाऱ्याच्या, भोंग्याआधीच कोणीतरी उठून कुत्र्याला आत कोंडते व पावाची पिशवी फाटकाबाहेरच्या खिळ्याला अडकवून येते.