वावरातली स्क्रीन: उन्हात टॅब न दिसण्यामागची पार्श्वभूमी

पीक पाहणी, पंचनामे आणि मोजणी ही कामे मोबाइल व टॅबवर आल्यापासून विदर्भातील गावांत नेटवर्कच्या जोडीने आणखी एक तक्रार वारंवार ऐकू येते. दुपारी धुऱ्यावर उभे राहिले की स्क्रीनवरचा गट नंबर वाचता येत नाही, पिकाचे नाव यादीतून अंदाजाने निवडले जाते आणि सोयाबीनच्या जागी तूर चढते. याचा दोष सहसा वापरणाऱ्याच्या चष्म्याला किंवा टॅबच्या कमी किमतीला दिला जातो. प्रत्यक्षात त्याचे मूळ स्क्रीन बनवणाऱ्यांनी केलेल्या एका निवडीत आहे आणि त्या निवडीच्या वेळी वावर कुणाच्या डोळ्यांसमोर नव्हते.

सुरुवातीच्या एलसीडीला ऊन कधीच नडले नाही. कॅल्क्युलेटर, मनगटी घड्याळे आणि एसटीच्या वाहकाच्या हातातील जुनी तिकीट यंत्रे यांचे पडदे बाहेरून पडणारा प्रकाशच परतवून अक्षरे दाखवत. ऊन जितके कडक, तितके आकडे स्पष्ट. अडचण होती ती अंधारात. रंगीत चित्रासाठी पडद्यामागे दिवा आला आणि गणित उलटे झाले. दोन्ही गुण एकत्र आणणारे, म्हणजे घरात मागच्या दिव्यावर आणि बाहेर सूर्यप्रकाशावर चालणारे पडदेही पुढे तयार झाले. शाळकरी मुलांसाठीचा एक्सओ लॅपटॉप 2007 मध्ये रायगड जिल्ह्यातील खैरात येथे वापरात आला, तेव्हा त्याची स्क्रीन दिवा बंद करून भर उन्हात कृष्णधवल रूपात वाचता येत असे. त्याच घराण्यातील पडदा असलेला ‘अ‍ॅडम’ हा टॅब एका भारतीय नवउद्योगाने 2011 च्या सुरुवातीला बाजारात आणला होता. म्हणजे उपाय माहीत नव्हता असे नाही. तो हातात असताना मागे पडला. 2010 मध्ये आयपॅड आल्यावर टॅबची जी प्रतिमा रुजली, ती चकचकीत काचेची आणि भडक रंगांची होती, आणि दुकानातील ट्यूबलाइटखाली त्या काचेशेजारी उन्हात दिसणारा पडदा फिकट वाटे. ग्राहक दुकानात निवड करतो, वावरात नाही.

या निवडीची किंमत आकड्यांत मांडता येते. घरातील उजेड साधारण 300 ते 500 लक्स (पृष्ठभागावर पडणारा प्रकाश मोजण्याचे एकक) असतो, तर थेट उन्हात तो एक लाख लक्सच्या आसपास जातो. सामान्य टॅबची प्रखरता 300 ते 500 निट (स्क्रीनच्या उजेडाचे एकक) असते. एक लाख लक्समध्ये स्क्रीनने पडलेल्या प्रकाशापैकी एकच टक्का चहूकडे विखुरला, तरी तिच्यावर सुमारे 320 निटचा पांढुरका थर चढतो. मग 400 निटच्या टॅबवर पांढरा भाग 720 आणि काळा भाग 320 निटचा दिसतो, म्हणजे दोहोंतील अंतर जेमतेम सव्वादोन पट उरते. आरशासारखे प्रतिबिंब वेगळेच. काचेचा प्रत्येक उघडा पृष्ठभाग सुमारे 4 टक्के प्रकाश परतवतो, आणि बाहेरची काच व आतला पडदा यांत हवेचा थर असेल तर असे आणखी दोन पृष्ठभाग वाढतात. ऑगस्टमधील उन्हाने उजळलेले पांढरे ढग निळ्या आभाळापेक्षा अधिक प्रखर असल्याने खरिपाच्या पाहणीत स्क्रीनवर अनेकदा ढगच दिसतात, आणि अंगात पांढरा सदरा असेल तर तोही.

सरकारी कामात टॅब मोठ्या प्रमाणावर आला तो 2011 च्या सामाजिक, आर्थिक व जात गणनेत. तिथली नोंद दारात किंवा ओसरीवर होत असल्याने उन्हाचा प्रश्न फारसा पुढे आला नसावा. त्याच वर्षी गाजलेल्या ‘आकाश’ या स्वस्त टॅबची स्क्रीन दाबाने चालणारी होती, अशा पडद्यावरील जादा थर स्क्रीनचा उजेड अडवतात आणि बाहेरचा परतवतात.

खरा खटका 15 ऑगस्ट 2021 पासून उडाला, जेव्हा राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि पिकाचा फोटो जागेच्या अक्षांश-रेखांशासह काढणे आले. तलाठी चावडीत बसून पाहणी लिहितात, हा जुना आक्षेप त्यामागे होता आणि तो अगदीच निराधार नव्हता. मात्र गाव नमुना 12 चा, म्हणजे सातबाऱ्यातील पिकांच्या नोंदीचा, कागद उन्हात उलट अधिक स्वच्छ वाचता येई. जागेवर जाण्याची सक्ती करताना जागेवर काय दिसेल, याचा विचार झाल्याचे जाणवत नाही. 2024 च्या रब्बीपासून या पाहणीसाठी गावोगाव सहायक नेमले गेले, तरी त्यांच्या हातातील काच तीच राहिली.

या साऱ्यात सर्वाधिक वाद झाला तो मॅट गार्डवर, आणि तो अजून मिटलेला नाही. तालुक्याच्या ठिकाणी मोबाइलच्या दुकानात ‘उन्हात दिसतं’ असे सांगून हा खरखरीत गार्ड लावून दिला जातो. काही जण त्याची शपथ घेतात, तर काही जण दुसऱ्याच दिवशी तो खरवडून काढतात. दोघांचाही अनुभव खरा आहे, कारण त्यांच्या उभे राहण्याच्या जागा वेगळ्या आहेत. मॅट पृष्ठभाग प्रकाश कमी करत नाही, तो फक्त विखुरतो. कडुनिंबाच्या सावलीत त्यामुळे आपला चेहरा आणि मागचे आभाळ पुसट होऊन अक्षरे वर येतात. पऱ्हाटीच्या उघड्या तासात सूर्य थेट काचेवर असताना मात्र तोच गुण अंगाशी येतो. चकचकीत काचेवर सूर्याचा एकच झगमगता ठिपका पडतो आणि टॅब किंचित कलता करून तो टाळता येतो. मॅट गार्ड त्या ठिपक्याचे सबंध स्क्रीनभर दूध करून टाकतो. खरी गरज असते ती परावर्तनच घटवणाऱ्या लेपाची, आणि काच व पडदा मधल्या हवेविना एकमेकांना चिकटवण्याची. 2014 मध्ये एका आघाडीच्या टॅबमध्ये या दोन्ही गोष्टी आल्या, तेव्हा परावर्तन निम्म्याहून अधिक घटल्याचा उत्पादकाचा दावा होता. अशा लेपावर दीडशे रुपयांचा गार्ड चिकटवला की बाहेरचा पृष्ठभाग गार्डचा होतो आणि लेपाचे पैसे वाया जातात. गार्डखाली बुडबुडे राहिले तर हवेचा थर आपणच परत आणलेला असतो. काळी छत्री या सर्वांहून सरस ठरते. ती ऊन अडवते आणि काचेत ढगांऐवजी काळे कापड दिसते.

अलीकडे हजार निटच्या पुढच्या स्क्रीन आल्या आहेत, पण उन्हाळ्यातील मोजणीत त्यांचीही दमछाक होते. वावर रिकामे असते म्हणून मोजणीला एप्रिल-मे सोयीचे, आणि नेमके तेव्हा चंद्रपूर, अकोला भागांत पारा 45 अंशांवर जातो. अनेक टॅब 35 अंशांपर्यंतच्या हवेत वापरण्यासाठी बनवलेले असतात. उन्हात काळी काच हवेपेक्षाही अधिक तापते, यंत्र स्वतःला वाचवण्यासाठी स्क्रीन आपोआप मंद करते, आणि घामाचा थेंब पडला की बोटाचा स्पर्शही चुकीचा ओळखला जातो. जाहिरातीत मात्र निटचा आकडा ठळक छापलेला असतो. स्क्रीन किती टक्के प्रकाश परतवते आणि तापल्यावर त्या निटपैकी किती उरतात, हे तिथे क्वचितच आढळते.